दुष्काळाचे वर्ष आणि आपले कोठार

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, जो आकाशातून पाणी उतरवतो आणि मातीतल्या दाण्याला अंकुर फोडतो. सलात व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.

बंधूंनो आणि भगिनींनो, २०२३ सालची गोष्ट आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्याच दिवसांत जुमाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एका दुकानदार बंधूने मला थांबवले. त्याचे धान्याचे दुकान आहे. रब्बीचा माल बाजारात आला तेव्हा त्याने ज्वारीची ६० पोती घेऊन ठेवली होती. आता भाव चढत होता आणि नव्या पेरणीसाठी जमिनीत ओल नव्हती. तो म्हणाला, "मौलाना, पैसा माझा, माल माझा, गोदामही माझे. आणखी दोन महिने थांबलो तर मुलीच्या लग्नाचा खर्च निघेल. थांबण्यात गुनाह तो काय?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उभ्या उभ्या उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. पुढील जुमाला सांगतो, असे मी त्याला म्हणालो. तेव्हा जे सांगितले, तेच थोड्या विस्ताराने येथे मांडत आहे. कारण हा प्रश्न त्या एका बंधूचा नाही. ज्याच्या घरात कणगी आहे, पिंप आहे किंवा गोदाम आहे, अशा प्रत्येकाचा तो आहे.

टंचाई आणि महागाई

पीक कोण उगवतो? कुरआन हा प्रश्न थेट शेतकऱ्याला विचारतो. सूरह वाकिआमध्ये (५६ : ६३-६५) अल्लाह आपल्याला आपल्याच पेरणीकडे पाहायला लावतो आणि जाणीव करून देतो की, त्याने ठरवले असते तर त्या पिकाचा भुगा झाला असता. नांगरट, पेरणी, कोळपणी माणसाची. उगवण मात्र अल्लाहची. सूरह बकरामध्ये (२ : १५५) भय, भूक आणि धनाची, जिवांची व पिकांची हानी या सर्वांना परीक्षा म्हटले आहे. म्हणून ज्याच्या शेतावर पाऊस पडला नाही तो पापी आणि ज्याच्या शेतावर पडला तो पुण्यवान, असा निवाडा कोणीही करू नये. परीक्षा दोघांचीही आहे. ज्याचे शेत वाळले त्याच्या धीराची आणि ज्याचे कोठार भरलेले आहे त्याच्या न्यायाची.

पीक बुडाले की भाव का चढतो, हे समजून घेणे अवघड नाही. कापड महागले तर माणूस जुन्या कपड्यावर वर्ष काढतो. भाकरी मात्र पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. म्हणून धान्य थोडे कमी पिकले, तरी भाव त्याहून कितीतरी अधिक वाढतो. सुखवस्तू घराच्या मिळकतीतला लहानसा भाग धान्यावर खर्च होतो, तर मजुराच्या मिळकतीतला मोठा भाग अन्नावरच जातो. भाव तोच असतो. एका घरात त्याने केवळ कुरकुर होते आणि दुसऱ्या घरात एका वेळची चूल विझते.

मदीनेतही एकदा भाव चढले होते. लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली. आदरणीय अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी ती मान्य केली नाही. भावाचा चढउतार, तंगी आणि विपुलता अल्लाहच्या हाती आहे असे सांगून, कोणाच्याही जिवाविषयी वा मालाविषयी अन्यायाचा दावा आपल्यावर नसावा अशा स्थितीत अल्लाहला भेटण्याची आशा त्यांनी व्यक्त केली (अबू दाऊद, तिरमिजी). ज्या व्यापाऱ्याने दूरवरून महाग माल आणला, त्याला तो तोट्यात विकायला लावणे हाही अन्यायच होय.

परंतु त्याच प्रेषितांनी साठेबाजीविषयी, म्हणजे इहतिकाराविषयी, अत्यंत कठोर भूमिका घेतली. साठेबाजी करणारा गुन्हेगारच असतो, असा त्यांच्या कथनाचा आशय सहीह मुस्लिममध्ये आला आहे. या दोन हदीसांत विरोध नाही. इमाम इब्ने तैमिया (रह.) यांनी ‘अल-हिस्बा’ या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला आहे. माल कमी झाल्यामुळे किंवा घेणारे वाढल्यामुळे भाव चढला, तर विकणाऱ्यावर जबरदस्ती करता येत नाही. पण लोकांना निकडीची असलेली वस्तू कोणी अडवून धरली, तर त्याला ती रास्त भावात विकायला भाग पाडणे हे सत्ताधाऱ्यांचे कर्तव्य ठरते. थोडक्यात, टंचाई आकाशातून येते. महागाईचा एक हिस्सा मात्र आपल्या गोदामातून निघतो. पहिल्यासाठी आपण दुआ करू शकतो. दुसऱ्याचा हिशेब आपल्याला द्यावा लागणार आहे.

चढलेला भाव आणि शेतकरी

शहरातील पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की, भाव चढले म्हणजे शेतकऱ्याची चंगळ झाली. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारून पाहा. चांगल्या वर्षी सर्वांचा माल एकदमच बाजारात येतो आणि भाव पडतो. तरीही बी-खताची उधारी फेडण्यासाठी त्याला तेव्हाच विकावे लागते. वाईट वर्षी भाव चढतो, तेव्हा त्याच्याजवळ विकायला माल नसतो. उलट त्यालाच बाजारातून पायली-पायलीने धान्य विकत आणावे लागते. चढलेल्या भावाचा लाभ पेरणाऱ्याला क्वचितच मिळतो. तो बहुधा थांबू शकणाऱ्याला मिळतो.

पुढच्या पेरणीचा निर्णयही याच भावाकडे पाहून होतो. तुरीचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास पोहोचली. तो भाव पाहून पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर तूर पेरली आणि अल्लाहच्या कृपेने पाऊसही झाला. देशात २०१५-१६ मध्ये सुमारे २६ लाख टन असलेले तुरीचे उत्पादन २०१६-१७ मध्ये सुमारे ४९ लाख टनांवर गेले. परिणाम काय झाला? क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारात तूर त्याहून खाली गेली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांसमोर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. पहिल्या वर्षी खाणारा रडला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा.

ज्वारीची कथा याहून संथ आणि याहून गंभीर आहे. मराठवाड्यात व विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा गेल्या काही दशकांत सोयाबीनने आणि कापसाने घेतली. यासाठी शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्वारीला भाव नाही, काढणीला मजूर मिळत नाही, कणसे भरली की पाखरांचे थवे उतरतात आणि राखणीला घरात माणूस उरलेला नाही. मुलांची फी आणि दवाखान्याचा खर्च रोख पैशातच द्यावा लागतो. पण ज्वारीबरोबर घरातून दोन गोष्टी गेल्या: वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा. आता पाऊस हुकला की सोयाबीनही जाते, विकत घ्यायच्या ज्वारीचा भाव चढलेला असतो आणि दावणीची जनावरे चाऱ्याअभावी बाजाराची वाट धरतात. एकाच हुकलेल्या पावसाचा घाव तीन ठिकाणी बसतो.

म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी शेताचा एक तुकडा तरी घरच्या धान्यासाठी राखावा, असे मी विनम्रपणे सुचवतो. पाखरांनी खाल्लेले दाणे वाया जात नाहीत. मुसलमानाने लावलेल्या रोपातून वा पेरलेल्या पिकातून माणूस, पाखरू किंवा जनावर जे खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, अशी शुभवार्ता प्रेषितांनी दिली आहे (बुखारी, मुस्लिम).

आणि आपल्यापैकी जे खेडा खरेदी करतात, त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाजारात पोहोचण्यापूर्वीच काफिल्याला वाटेत गाठून माल घेण्यास प्रेषितांनी मनाई केली, कारण विकणाऱ्याला बाजारभाव ठाऊक नसतो. शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन माल घेणे सोयीचे असेल, पण त्याला त्या दिवसाचा खरा भाव सांगूनच घ्यावा. त्याच्या अज्ञानातून झालेला नफा हलाल कसा होईल?

आदरणीय यूसुफ (अ.) यांचे कोठार

साठवण आणि साठेबाजी यांत फरक काय, याचे सर्वांत सुंदर उत्तर सूरह यूसुफमध्ये आहे (१२ : ४७-४९). मिसरच्या राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना आदरणीय यूसुफ (अ.) यांनी केवळ भाकीत केले नाही; व्यवस्थाही सांगितली. सात वर्षे नेमाने पेरा. कापणी झाल्यावर खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे कणसातच राहू द्या. मग सात कठीण वर्षे येतील आणि साठवलेले खाऊन टाकतील; तेव्हाही थोडेसे राखून ठेवा. पुष्कळ भाष्यकारांनी हे राखलेले थोडेसे म्हणजे बियाणे असा अर्थ घेतला आहे. भुकेच्या सातव्या वर्षीही बियाण्याला हात लावू नये, ही शिकवण आपल्या आजीला पाठ होती. घरात दाणा नसतानाही बियाण्याचे गाडगे ती उघडत नसे.

यूसुफ (अ.) यांनी धान्य केव्हा साठवले आणि केव्हा बाहेर काढले, हे पाहा. साठवले ते सुकाळात, जेव्हा त्याने कोणाच्या तोंडचा घास जात नव्हता. बाहेर काढले ते दुष्काळात, जेव्हा एकेक घास मोलाचा होता. तेही माणशी एक उंटाचा बोजा अशा मोजमापाने, म्हणजे बलवानाने सर्व उचलून नेऊ नये. कनानहून आलेले भाऊ तुटपुंजी पुंजी घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांनाही रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. साठेबाजाचे गोदाम भूक वाढण्याची वाट पाहते, यूसुफ (अ.) यांचे कोठार भूक लागताच उघडले.

आपल्या घरांत उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत आहे. अनेक भगिनी विचारतात, हीदेखील साठेबाजी आहे काय? मुळीच नाही. स्वतः प्रेषितांनी आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करून ठेवल्याचे बुखारी व मुस्लिममध्ये नमूद आहे. मात्र याच्या शेजारी आणखी एक प्रसंग ठेवून पाहिला पाहिजे. एका वर्षी ईदुल-अज्हाच्या वेळी वाळवंटातील गरीब लोक मदीनेत आले. तेव्हा प्रेषितांनी कुर्बानीचे मांस तीन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये, उरलेले वाटून टाकावे, असा आदेश दिला. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले असता त्यांनी खुलासा केला की, ती मनाई त्या गरजू लोकांसाठी होती. आता खा, साठवा आणि दानही करा (मुस्लिम). मांस तेच, घर तेच आणि साठवणारेही तेच. वर्ष बदलले तसा आदेश बदलला. भरल्या वर्षी जी साठवण शहाणपणाची असते, भुकेच्या वर्षी तीच शेजाऱ्याचा हक्क मारणारी ठरू शकते.

राखेचे वर्ष

हिजरी सन १८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमारास, अरबस्तानात असा दुष्काळ पडला की वाऱ्यावर राखेसारखी धूळ उडू लागली. इतिहासात ते ‘आमुर्रमादा’, म्हणजे राखेचे वर्ष म्हणून ओळखले जाते. द्वितीय खलीफा आदरणीय उमर (रजि.) यांनी तेव्हा केलेल्या तीन गोष्टी आपल्यासाठी मार्गदर्शक आहेत.

पहिली गोष्ट त्यांनी आपल्या ताटापासून सुरू केली. लोकांना तूप आणि मांस मिळेपर्यंत मीही ते खाणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. तेल खाऊन त्यांच्या कातडीचा रंग पालटला, पण निश्चय पालटला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जेथे धान्य होते तेथून त्यांनी ते मागवले. सीरियातून आदरणीय अबू उबैदा (रजि.) धान्याने लादलेले उंट घेऊन आले. मदीनेभोवती जमलेल्या हजारो लोकांसाठी अन्न शिजवले गेले आणि पाऊस पडल्यावर त्यांना आपापल्या भागात परत पोहोचवण्यात आले. तिसरी गोष्ट वसुलीसंबंधी होती. त्या वर्षीची जकात-वसुली त्यांनी पुढे ढकलली आणि भुकेने चोरी करणाऱ्यावर चोरीची शिक्षा लागू केली नाही, असे वृत्तांत आहेत. त्याचबरोबर पावसासाठी नमाज आणि दुआही झाली. दुआ केली म्हणून व्यवस्था सोडली नाही आणि व्यवस्था लावली म्हणून दुआ सोडली नाही.

आपण काय करावे?

शेतकरी बंधूंनी कापणीच्या दिवशी पिकाचा हक्क द्यावा, असा कुरआनचा आदेश आहे (६ : १४१). पावसावर पिकलेल्या धान्यात दहावा हिस्सा आणि कष्टाने वा खर्चाने पाणी देऊन पिकवलेल्या धान्यात विसावा हिस्सा, असे त्याचे प्रमाण आहे. ज्याने पाण्यासाठी पैसा ओतला, त्याचा भार अर्ध्यावर आणला. शरीअतची दृष्टी किती सूक्ष्म आहे पाहा! इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते उत्पन्न थोडे असो वा फार, उश्र द्यावा. कोकणातील आपले बहुसंख्य बंधू ज्यांचे अनुयायी आहेत त्या इमाम शाफिई (रह.) यांच्या मते पाच वसकांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेसहा क्विंटलपेक्षा कमी धान्यावर तो लागू होत नाही. पीक बुडालेल्या वर्षी आपला हिशेब आपल्या भागातील विद्वानांकडून समजून घ्यावा. पण सूरह कलममधील बागवाल्यांचा मार्ग (६८ : १७-३३) कोणी धरू नये. गरीब येण्याआधीच पहाटे तोडणी उरकू, असे ठरवून ते निघाले आणि पोहोचले तेव्हा बाग उद्ध्वस्त झालेली होती.

दुकानदार बंधूंनो, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. हंगामात, बाजार भरलेला असताना तुम्ही माल घेतलात, यात गुनाह नाही. आजच्या चालू भावाने विकून रास्त नफा घेतलात, तरीही नाही. गुनाह सुरू होतो तो दारात गिऱ्हाईक उभे असताना "माल संपला" असे सांगण्यापासून, कुलूप लावून भूक पिकण्याची वाट पाहण्यापासून. त्याच वर्षी जून महिन्यात शासनाने तूर, उडीद आणि गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली होती, ज्वारीवर नव्हती. कायद्याने जेथे हात बांधलेला नाही, तेथेच तर ईशभयाची कसोटी लागते. ती ६० पोती आजपासून दुकानात मांडा, रोजच्या गिऱ्हाइकाला गरजेपुरती द्या, माप पूर्ण भरा. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला उधारीवर द्याल तर उधारीपोटी भाव वाढवू नका. जकातीच्या दिवशी मालाची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने लावा. भाव चढला असेल तर जकातही चढेल, तीही आनंदाने द्या. राहिला मुलीचा विवाह. ज्या निकाहात खर्चाचा बोजा कमी, त्यात बरकत अधिक, ही आपली शिकवण आहे. ज्या मेजवानीचा खर्च शेजारच्या रिकाम्या चुलीतून वसूल होतो, त्या मेजवानीने मुलीचे कल्याण कसे होईल?

भगिनींनो, टंचाईची बातमी येताच दोन पोती अधिक भरण्याची घाई करू नका. घबराटीने केलेली प्रत्येक खरेदी भाव आणखी वर ढकलते. आपले पिंप भरलेले असेल, तर महिन्याला त्यातील दोन-चार पायल्या अशा घरी पोहोचवा, जेथे मागायला संकोच वाटतो.

आणि आपल्या जमातींसाठी अश्अरी कबिल्याचे उदाहरण पुरेसे आहे. प्रवासात किंवा मदीनेत त्यांच्या घरचे अन्न कमी पडू लागले, की ते सर्वजण आपापल्या जवळचे धान्य आणून एकाच कापडावर ओतत आणि एकाच मापाने सारखे वाटून घेत. त्यांच्याविषयी प्रेषित म्हणाले की, ते माझे आहेत आणि मी त्यांचा आहे (बुखारी, मुस्लिम). प्रत्येक मोहल्ल्याच्या मशिदीत असे एक कापड अंथरता येईल. हंगामात, भाव उतरलेले असताना, जमातीने धान्य घेऊन ठेवावे आणि उन्हाळ्यात ते मूळ किमतीत किंवा गरजूंना विनामूल्य द्यावे. धर्म न विचारता द्यावे, कारण दुष्काळ कोणाचा धर्म विचारून येत नाही आणि मिसरच्या कोठारातून यूसुफ (अ.) यांनी धान्य मोजून दिले ते मिसरच्या लोकांनाही.

त्या दुकानदार बंधूने पुढे काय केले, हे मी येथे लिहीत नाही. तो हिशेब त्याचा आणि त्याच्या पालनकर्त्याचा आहे. आपण प्रत्येकाने आज घरी जाऊन आपले कोठार तेवढे पाहावे.

हे अल्लाह, आमच्या शेतांवर कृपेचा पाऊस पाड. आमच्या धान्यात आणि आमच्या मापात बरकत दे. आमच्या अन्नदात्या शेतकऱ्याचे ओझे हलके कर. आमची कोठारे भुकेल्यासाठी उघडी ठेव आणि आमची अंतःकरणे लोभासाठी बंद कर. आमीन.